रथ उभा करून बोलावे

गीतेच्या पहिल्या अध्यायातील एक साधी गोष्ट पुष्कळदा वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. अर्जुनाने आपल्या सारथ्याजवळ पहिली मागणी केली ती उपदेशाची नव्हे. दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी रथ उभा करावा, एवढीच ती होती. भगवंतांनीही प्रथम रथ नेऊन उभा केला, आणि त्यानंतर अर्जुनाचा विषाद, त्याच्या शंका व त्यांचे निरसन असा तो सर्व संवाद झाला. आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके ज्याचे मनन केले तो संवाद चालत्या रथात झालेला नाही. तो रथ उभा करून झाला आहे. पुढे युद्ध सुरू झाल्यावर कृष्ण व अर्जुन यांचे बोलणे बंद पडले असे नाही. परंतु जे बोलणे झाले ते समोरच्या रणाविषयीच झाले. कर्णाने सोडलेला सर्पमुख बाण अर्जुनाच्या मस्तकाचा वेध घेत येत असता सारथ्याने तत्क्षणी रथ भूमीत दाबला आणि तो बाण मुकुटावरच गेला, ही कर्णपर्वातील कथा सर्वांस ठाऊक आहे. सारथ्याचे चित्त त्या एका क्षणी अन्यत्र असते तर भारतीय युद्धाचा शेवट निराळा झाला असता.

याच्या उलट उदाहरणही त्याच पर्वात आहे. शल्य हा अश्वविद्येत कृष्णाच्या तोडीचा मानला जात असे. पण बोलून बोलून कर्णाचे तेज हरण करण्याचे वचन युधिष्ठिराला देऊन तो कर्णाच्या रथावर बसला होता. कर्णाजवळ पराक्रम होता, रथ होता, निपुण सारथीही होता; नव्हते ते केवळ स्वस्थ चित्त. चालत्या रथातील बोलणे केव्हा साह्य करते आणि केव्हा घात करते, हे या दोन रथांवरून व्यासांनी स्पष्ट दाखविले आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक गृहस्थ आता दिवसाचा काही काळ सारथी असतो. कोणी मोटार चालवितो, कोणी स्कूटर. आणि ज्यास स्वतःला चालविता येत नाही तो दुसऱ्याच्या वाहनात बसतो, किंवा वाहन चालविणाऱ्यास घरून फोन करतो. वाहन चालविताना मोबाईलवर बोलणे, संदेश वाचणे, चित्रे पाहणे ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिच्याविषयी नैतिक प्रश्न उपस्थित होऊ शकतो, हेच आपण विसरलो आहोत. ती एक वाईट सवय, फार तर पोलिसांनी दंड करावा असा किरकोळ अपराध, असे आपण समजतो. हा समज बरोबर आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कांचीपुरम जिल्ह्यात, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. हे नाव मराठी वाचकांस अपरिचित वाटेल. पण त्या गावी तयार झालेली वस्तू पुष्कळांच्या दारात उभी असण्याचा संभव आहे. ह्युंदाई कंपनीचा मोटारींचा कारखाना तेथे आहे आणि १९९८ पासून तेथून मोटारी बाहेर पडत आहेत. याच कंपनीने २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगावचा मोटार कारखाना विकत घेण्याचा करार केला, म्हणजे या गावाचे नाते आता महाराष्ट्राशीही जुळले आहे. त्याच गावी १९९० पासून मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यतींची धावपट्टी आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ज्या शर्यती पूर्वी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत, त्या तेथे होऊ लागल्या. आणि या गावापासून काही किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूर आहे. गीतेवर भाष्य लिहिणाऱ्या रामानुजाचार्यांचे ते जन्मस्थान. वाहने घडविणारा कारखाना, वेगाची धावपट्टी, रात्रंदिवस वाहणारा हमरस्ता आणि ध्यानाचे स्वरूप सांगणाऱ्या आचार्यांची जन्मभूमी, ही चारही एकाच परिसरात असावीत, हा योग विचार करण्याजोगा आहे.

शर्यतीच्या पट्टीवरील वेग हमरस्त्यावरील वेगाहून पुष्कळ अधिक असतो. पण त्या वेगाभोवती व्यवस्था केवढी असते! सर्व वाहने एकाच दिशेने धावतात. समोरून ट्रक येत नाही, मध्येच गाय आडवी येत नाही, शाळेची मुले रस्ता ओलांडीत नाहीत. चालकाच्या मस्तकावर शिरस्त्राण असते. वळणावळणावर निशाणे घेतलेली माणसे उभी असतात आणि लाल निशाण दिसताच शर्यत थांबते. एवढा बंदोबस्त असूनही २०२३ या एकाच वर्षात तेथे दोन स्पर्धकांचे प्राण गेले. पट्टीवर उतरणारा चालक हे जाणतो, म्हणूनच त्याचे सारे चित्त पुढच्या वळणावर असते. पट्टीच्या भिंतीबाहेर मात्र, जेथे ट्रक समोरून येतो आणि गुरे व मुले खरोखरच आडवी येतात, तेथे चालविणारा एका हाताने चाक धरतो आणि दुसऱ्या हाताने संदेश वाचतो. जेथे धोका ओळखला जातो तेथे मनुष्य सावध असतो; जेथे तो नित्याचा झालेला असतो तेथे मनुष्य निर्धास्त होतो. वास्तविक दुसऱ्या ठिकाणी सावधपणाची गरज अधिक असते.

रामानुजाचार्यांनी ध्यानाचे वर्णन करताना तेलाच्या धारेचा दृष्टांत दिला आहे. पाण्याची धार थेंबाथेंबाने तुटते. तेलाची धार अखंड राहते, आणि ध्यान म्हणजे तसे न तुटणारे स्मरण. मोटार चालविणे म्हणजे मोक्षसाधन नव्हे, हे उघड आहे. परंतु धारेचा नियम दोन्हीकडे एकच आहे. साठ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. संदेश वाचण्यास तीन सेकंद लागले, तर पन्नास मीटर अंतर ते वाहन चालकाविनाच गेले असे म्हटले पाहिजे. पन्नास मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या सुमारे बारा मोटारींची लांबी. तेवढ्या अंतरात एखादे मूल रस्त्यावर येऊ शकते, सायकलस्वार वळू शकतो, पुढचा ट्रक थांबू शकतो. धार तीनच सेकंद तुटली असे आपण म्हणतो. पण अपघातालाही तेवढाच अवकाश लागतो.

यावर कोणी म्हणेल, की आम्ही फोन हातात धरीत नाही, कानात यंत्र घालून बोलतो. डोळे रस्त्यावर असतात व हात चाकावर. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण तो टिकत नाही. कॅनडातील टोरोंटो येथे अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांच्या फोनच्या नोंदी दोन संशोधकांनी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. फोनवर बोलत असता अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यास त्यापासून विशेष संरक्षण मिळत नाही, असे त्यांस आढळले. जागतिक आरोग्य संघटनाही हाच चौपटीचा आकडा सांगते. याचे कारण असे, की धोका हातात नसून मनात आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू किती वेळा फेकला जातो हे मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपुढून गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती चालत गेली, तरी जवळजवळ निम्म्या लोकांस ती दिसलीच नाही. त्यांचे डोळे उघडे होते. मन मोजण्यात होते. मन दुसरीकडे असले म्हणजे मनुष्यास दिसत नाही व ऐकू येत नाही, तेव्हा खरोखर पाहणारे व ऐकणारे मनच होय, हा विचार बृहदारण्यक उपनिषदात मांडलेलाच आहे. प्रयोगशाळेने त्यास आज साक्ष दिली, एवढेच.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांतही भेद आहे. शेजारचा मनुष्य तोच रस्ता पाहत असतो. समोर गर्दी दिसली की तो आपोआप गप्प होतो, कित्येकदा सावधही करतो. फोनच्या पलीकडील मनुष्यास रस्ता दिसत नाही. त्याचे बोलणे ऐन वळणावरही चालूच राहते, आणि ऐकणाऱ्याचे मन वाहन सोडून त्याच्या घरी, त्याच्या कचेरीत, त्याच्या भांडणात जाऊन बसते. वाऱ्याने पाण्यावरची नाव ओढून न्यावी तशी इंद्रियांमागे धावणारे मन बुद्धीला ओढून नेते, असा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टांत आहे. नावेत बसलेल्यास आपण वाहत चाललो आहोत हे लगेच कळत नाही. ते कळते तेव्हा किनारा दूर गेलेला असतो.

या प्रमादाची किंमत किती, ते आकड्यांवरून दिसेल. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे २०२२ या वर्षी देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. अपघातांची संख्या सर्वांत अधिक होती ती तमिळनाडूत, ६४,१०५. हे सर्व अपघात लक्ष विचलित झाल्यामुळे घडले असे नव्हे. अतिवेग, मद्य, वाईट रस्ते अशी अनेक कारणे आहेत. पण मेलेल्या चालकाच्या मनात शेवटच्या क्षणी काय होते, हे पंचनाम्यात लिहिता येत नाही. म्हणून अनवधानाचा वाटा नोंदीत दिसतो त्याहून मोठा असण्याचा संभव आहे. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात शाळेची गाडी रखवालदार नसलेल्या फाटकावर रेल्वेगाडीखाली सापडून तेरा मुले मृत्यू पावली. चालकाच्या कानात इअरफोन होते असे प्राथमिक माहितीवरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. ब्रॉडगेज मार्गांवरील तशी फाटके जानेवारी २०१९ पर्यंत नाहीशी करण्यात आली. इअरफोन मात्र आज प्रत्येकाच्या कानात आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अशा चालकाच्या मनात कोणास मारण्याचा हेतू नसतो. ज्या मुलाला त्याने चिरडले त्याला तो ओळखतही नाही. मग त्यास दोषी म्हणावे काय, आणि म्हणावे तर कोणत्या अर्थाने? गीतेचा अभ्यासक येथे एक आक्षेप घेऊ शकेल. कर्माची योग्यता त्याच्या बाह्य परिणामावर नसून कर्त्याच्या बुद्धीवर अवलंबून असते, हे तत्त्व लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात विस्ताराने प्रतिपादिले आहे. चालकाची बुद्धी दुष्ट नव्हती. तेव्हा दोष कसला?

हा आक्षेप बुद्धी या शब्दाचा अर्थ फार अरुंद करतो. बुद्धी शुद्ध असणे म्हणजे द्वेष नसणे एवढेच नव्हे. हाती घेतलेल्या कर्मात ती स्थिर असणे, त्याचा परिणाम कोणावर होईल याचा तिने विचार करणे, हेही शुद्ध बुद्धीचेच लक्षण आहे. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे ते पाहावे. पुढे काय होईल, काय हानी होईल, कोणास इजा होईल आणि आपले सामर्थ्य किती, यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय, असा त्याचा आशय आहे. त्यात द्वेषाचा उल्लेख नाही. चालत्या मोटारीत संदेश वाचणाऱ्याचे वर्णन याहून अचूक करता येईल असे वाटत नाही. चौदाव्या अध्यायात तमोगुणाच्या संदर्भात प्रमाद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि प्रमाद म्हणजे वाईट करणे नसून जे करणे प्राप्त होते ते न करणे, असा त्याचा अर्थ आचार्यांनी लावला आहे. उद्योगपर्वात सनत्सुजात धृतराष्ट्राला सांगतात की प्रमाद हाच मृत्यू होय. तेथे त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे. हमरस्त्यावर तो शब्दशः खरा ठरतो.

हेतू नसता घडलेल्या हिंसेचे सर्वांत करुण उदाहरण दशरथाचे आहे. शब्दावरून वेध घेण्याच्या विद्येत तो निपुण होता. रात्रीच्या अंधारात नदीवर घडा भरल्याचा आवाज आला, तो हत्तीचा समजून त्याने बाण सोडला, आणि आंधळ्या मातापित्यांचा एकुलता एक आधार गेला. दशरथास त्या मुलाशी वैर नव्हते. तरीही त्याने स्वतःस निर्दोष मानले नाही. तो स्वतः त्या वृद्धांकडे गेला आणि घडलेले सर्व सांगून शाप पत्करला. त्याचा दोष कोणता? न पाहता बाण सोडता येतो, या कौशल्याचा त्याला विश्वास वाटला, हा. आज जो मनुष्य म्हणतो की मला दहा वर्षांची सवय आहे, मी न पाहताही गाडी चालवू शकतो, तो आपल्याही नकळत शब्दवेधी बाणाचीच भाषा बोलत असतो.

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा आहे. ज्याची वेळ भरली तो जातो, आत्मा तर अमर आहे, असे उद्गार अपघातानंतर ऐकू येतात. शोक करणाऱ्यास धीर देण्यासाठी हे विचार योग्य आहेत. आपला प्रमाद झाकण्यासाठी त्यांचा उपयोग करणे हा त्यांचा अपमान आहे. आत्मा अमर आहे म्हणून दुसऱ्याचा देह स्वस्त होत नाही. ज्याचे शरीर मोडले त्याची पत्नी, मुले व म्हातारी आई यांना प्रारब्धाचा सिद्धान्त दोन वेळचे अन्न देत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपाहून अधिक सूक्ष्म आहे, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांस लागू पडते. अशी कल्पना करा की दोन माणसे एकाच सायंकाळी एकाच रस्त्याने, एकाच वेगाने, फोनवर बोलत गेली. एकाच्या पुढे मूल आले. दुसऱ्याच्या पुढे कोणी आले नाही. पहिला तुरुंगात गेला. दुसरा घरी जाऊन जेवला व स्वस्थ झोपला. दोघांच्या आचरणात काडीचा भेद नाही. भेद आहे तो रस्त्यावर कोण आले एवढ्याचाच. मग पहिला अपराधी आणि दुसरा सज्जन हे कसे? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न मांडला, आणि निष्काळजी वाहनचालकाचेच उदाहरण घेऊन त्याची चर्चा झाली. नशिबाने जे घडले त्यावरून माणसाची नैतिक योग्यता ठरवावी काय, असा तो प्रश्न आहे, आणि त्यावर तिकडे आजही एकमत नाही.

गीतेच्या वाचकापाशी या प्रश्नाचे उत्तर, निदान अर्धे तरी, आहे. मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, हे दुसऱ्या अध्यायातील वचन आपण यशाच्या संदर्भात नेहमी सांगतो. ते अपयश व अनर्थ यांनाही तितकेच लागू आहे. मूल रस्त्यावर येणे वा न येणे हे दोघांच्याही हातात नव्हते. दोघांच्या हातात होते ते अवधान, आणि ते दोघांनीही सोडले. म्हणून न्यायालयाच्या दृष्टीने नव्हे, पण धर्माच्या दृष्टीने, जो सुखरूप घरी पोहोचला त्याचाही दोष तोच आहे. त्याच्या ताटातील अन्न त्याला गोड लागले, कारण दुसऱ्या कोणाचे तरी मूल त्या क्षणी अंगणात खेळत राहिले. हे ध्यानात आले म्हणजे 'आजवर काही झाले नाही' हे आपले नेहमीचे समाधान किती पोकळ आहे हे कळते. आजवर काही झाले नाही, हे आपल्या पुण्याचे फळ नव्हे.

येथवरचा विचार चालकाचा झाला. पण दोष केवळ चालकाचा असतो काय? मनुस्मृतीतील पुष्कळ वचने आज आपल्याला मान्य होणार नाहीत. तथापि तिच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांविषयी जो विचार आहे तो आश्चर्य वाटावे इतका बारकाईचा आहे. वेसण तुटली, जू मोडले, आंस किंवा चाक मोडले, दोर तुटले, किंवा चालकाने दूर होण्याविषयी ओरडून सांगितले असता अपघात घडला, तर दंड नाही. पण चालकाच्या अकौशल्यामुळे गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकास. चालक कुशल असूनही अपघात झाला तर दंड चालकास. आणि चालक अकुशल असेल तर गाडीत बसलेल्या प्रत्येकास शंभर शंभर दंड. शेवटचे कलम विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याच्या हाती गाडी सुरक्षित नाही त्याच्या गाडीत मुकाट्याने बसणाराही दोषी होय, असे स्मृतिकार म्हणतात. भाड्याच्या मोटारीत चालक फोनवर बोलत असता मागे बसून आपण आपला फोन पाहत राहतो, तेव्हा आपण केवळ प्रवासी नसतो.

आणि जो त्या गाडीत नाही, परंतु चालकास फोन करतो, त्याचे काय? समजा, इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून एक तरुण रात्री मोटारसायकलने घरी निघाला आहे. घरी त्याची आई जागी आहे. तिच्या जिवाची घालमेल होते आणि ती फोन करते. फोन घेतला नाही तर ती घाबरेल, हे मुलास ठाऊक आहे. म्हणून तो हेल्मेटच्या आत फोन खुपसून बोलू लागतो. त्याच्या रक्षणाची इच्छा करणारी जी एकच व्यक्ती त्या क्षणी जागी आहे, तिनेच त्याचे अवधान काढून घेतले. येथे दुष्ट कोणी नाही. माया आहे, काळजी आहे, आणि त्या मायेतूनच धोका निर्माण झाला आहे. गृहस्थाश्रमातील कित्येक दुःखे अशीच असतात. ती वैरातून येत नाहीत, विचार न केलेल्या प्रेमातून येतात. तीच गोष्ट मालकाची व वरिष्ठाची. दुपारी वाटेत असलेल्या नोकरास फोन करून तत्काळ उत्तर मागणारा अधिकारी आपल्या कचेरीत सुरक्षित बसलेला असतो. धोका नोकराचा आणि रस्त्यावरील अनोळखी माणसाचा असतो.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक चालविण्यातच गणले. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे अशा साधनाचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाची एकाग्रता न ढळेल अशा रीतीने, करता येतो. भारतीय न्याय संहितेनुसार १ जुलै २०२४ पासून निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; पूर्वीच्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. परंतु पोलीस चौकापुरता असतो, आणि मन चौकाच्या पलीकडेही चंचल राहते. कायदा हात धरू शकतो. चित्त ज्याचे त्यानेच धरावे लागते.

ते कसे धरावे? मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, ही तक्रार अर्जुनाने सहाव्या अध्यायात केलीच आहे, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय भगवंतांनी सांगितले आहेत. वाहनाच्या बाबतीत वैराग्याचा अर्थ फार सोपा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी फोन मुका करून पिशवीत किंवा मागच्या आसनावर ठेवावा, म्हणजे मोहाचा विषयच हाताच्या टप्प्याबाहेर जातो. समोर असलेल्या पदार्थाचा मोह जिंकण्यापेक्षा तो समोर न ठेवणे सोपे, हे एकादशी करणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. मार्ग पाहावयाचा असेल तर निघण्यापूर्वी पाहून ठेवावा. बोलणे खरोखर निकडीचे असेल तर वाहन रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी, उभे करावे आणि मग निवांत बोलावे. अभ्यास म्हणजे हे एक दिवस नव्हे, तर रोज करणे. मन पुन्हा फोनकडे धावले तर त्याला पुन्हा रस्त्यावर आणणे.

घरातील इतरांनीही आपला नियम करावा. बाहेर असलेल्या माणसास फोन केल्यावर पहिला प्रश्न 'गाडी चालवतो आहेस का?' हा असावा, आणि उत्तर होकारार्थी आले तर दुसरे वाक्य न बोलता फोन ठेवावा. निघताना एक निरोप आणि पोहोचल्यावर एक निरोप, एवढ्यावर आईने व पत्नीने समाधान मानावे. मधल्या वेळेतील मौन हे दुरावा नसून सावधपणाची खूण आहे, असे समजावे. वडीलधाऱ्या माणसाने गाडी चालविताना फोन घेतला तर मुलांनी नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे, आणि वडिलांनी त्याचा राग मानू नये. मुले उपदेश ऐकून शिकत नाहीत. मागच्या आसनावरून ती जे पाहतात ते शिकतात.

दसऱ्याच्या दिवशी आपण वाहन धुतो, त्याला झेंडूची माळ घालतो, गंध लावतो व चाकाखाली लिंबू ठेवतो. तमिळ प्रांतातही आयुधपूजेच्या निमित्ताने कारखान्यांतील यंत्रांची व दारातील वाहनांची पूजा होते. ज्या साधनावर आपली उपजीविका व आपला प्रवास अवलंबून आहे त्याविषयी आदर बाळगावा, हा त्या पूजेचा हेतू आहे. पण वर्षातून एकदा घातलेली माळ दुसऱ्याच दिवशी सुकते. वाहनाची नित्य पूजा निराळी आहे. चाकावर हात ठेवण्यापूर्वी एक क्षण थांबून, पुढील मार्गावर जी ओळखीची व अनोळखी माणसे भेटतील त्यांचे प्राण आता आपल्या अवधानाच्या स्वाधीन आहेत, याचे स्मरण करावे. त्यांनी आपणांस पाहिलेले नाही, आपण त्यांस पाहिलेले नाही. तरी त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवूनच रस्त्यावर पाऊल टाकलेले असते. त्या विश्वासास जागणे हा गृहस्थाचा धर्म आहे, आणि तो पाळण्यास कोणतेही द्रव्य, विद्या वा मुहूर्त लागत नाही.